पाच तोंडं, एक पातळी: एका मॉरिस मायनरच्या मॅनिफोल्डचं प्रकरण

गाडी १९५९ ची मॉरिस मायनर १०००. इंजिन ९४८ सीसीचं, मूळचंच. मालक कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातले, साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणतात, आपणही तेच म्हणू. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "सकाळी चालू केली की फटफट करत्या, गरम झाली की जरा गप्प होत्या. पण आयडलला ठेवली की कधी हुंदडत्या, कधी बंदच पडत्या. आणि उताराला रेस सोडली की मागनं फटाके."

रोगाबरोबर औषधही काकांनी ठरवून आणलं होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणाऱ्या फाटेदार नळीला, तडा गेलाय, तेवढं वेल्डिंग मारून द्या. तडा खरोखरच होता. हातातली बॅटरी मारून बघितलं तर शेवटच्या फाट्याच्या मुळाशी काजळीची बारीक रेघ स्पष्ट दिसत होती. थंडपणी मोठा आवाज आणि तापल्यावर कमी, हे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तड्याचं नेहमीचं लक्षण. धातू फुगतो आणि फट आपोआप मिटते. पण तड्यातून आयडल, म्हणजे रेस न देता गाडी नुसती चालू राहणं, का बिघडेल? एक्झॉस्टची गळती कानाला त्रास देते आणि उताराला बाहेरची हवा आत ओढून फटाके वाजवते. आयडलला गाडी बंद पाडणं हे तिचं काम नाही. म्हणजे दुखणी दोन होती आणि काका एकाचंच औषध मागत होते.

प्लग काढून ओळीनं मांडले. एक आणि दोन नंबरचे छान तपकिरी, तीन आणि चारचे खडूसारखे पांढरे, म्हणजे तिथं पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. या इंजिनाची ठेवण माहीत असेल तर निम्मं निदान इथंच होतं.

बीएमसीचं हे ए-सीरिज इंजिन १९५१ मध्ये ऑस्टिन ए-३० बरोबर आलं, ८०३ सीसीचं. ऑस्टिन आणि मॉरिसवाले एकत्र आल्यावर १९५२ पासून ते मायनरमध्ये बसायला लागलं, १९५६ ला ९४८ आणि १९६२ ला १०९८ सीसीचं झालं. आकार बदलले, हेडची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाची, ठेवण तीच राहिली. डाव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूला, एका ओळीत पाच तोंडं: एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट. इनलेटमधून हवा-पेट्रोल आत, एक्झॉस्टमधून धूर बाहेर. सिलिंडर चार आणि इनलेटची तोंडं दोनच. एक-दोनला मिळून एक, तीन-चारला मिळून दुसरं. एक्झॉस्टची तीन, त्यातलं मधलं दोन आणि तीन नंबरच्या सामाईकीत. त्यामुळे तीन-चारचे प्लग जोडीनं पांढरे पडले तर कार्बोरेटरवर संशय घ्यायचं कारण नाही, कारण कार्बोरेटर एकच आहे आणि तो चौघांनाही सारखंच वाढतो. हवा मागच्या इनलेटच्या तोंडाशी शिरते आहे.

खात्री करायला ब्रशनं इंजिन ऑइल घेतलं आणि आयडलला चालू गाडीच्या मागच्या इनलेटच्या सांध्यावर लावलं. ऑइल ओढलं गेलं, इंजिन क्षणभर सुधारलं, सायलेन्सरमधून निळसर धूर आला. हीच तपासणी कार्ब क्लीनरचा फवारा मारून करणारे पुष्कळ आहेत. तडा गेलेल्या तापल्या एक्झॉस्टच्या वीतभर अंतरावर तो फवारा मारू नये. ऑइलला वेळ लागतो, पण भडका होत नाही.

काढल्यावर काय दिसलं

मायनरचं मूळ मॅनिफोल्ड एकसंध बिडाचं असतं. इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच ओतकामात, वर एसयू कार्बोरेटर, खाली क्लॅम्पनं धरलेला सायलेन्सरचा पुढचा पाइप. कार्बोरेटरच्या खालची इनलेटची भिंत एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेली असते. ही काटकसर नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. तिथल्या उष्णतेनं पेट्रोलचे थेंब वाफ होऊन चारही सिलिंडरांना बऱ्यापैकी सारखे वाटले जातात.

पण याच रचनेत तड्याचं बी आहे. एक्झॉस्टची बाजू तापून लालीला येते आणि ओलं पेट्रोल वाहणारी इनलेटची बाजू त्या मानानं थंड. बीड एका मीटरला दर अंशाला साधारण एक शतांश मिलिमीटर वाढतं. फूटभर लांबीत दोन बाजूंच्या तापमानात चारशे अंशांचा फरक पडला तर एक बाजू दुसरीपेक्षा सव्वा मिलिमीटरनं लांब व्हायला बघते. मोकळी सोडली तर ती हळूहळू वाकते, जखडली तर तडकते. या मॅनिफोल्डनं दोन्ही केलं होतं.

पाचही तोंडांवर स्टीलची पट्टी ठेवली. मधल्या तोंडांवर पट्टी टेकली, मागच्या टोकाला सहा दशांश मिलिमीटरचं फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात गेलं. मागच्या कुठल्या तरी दुरुस्तीत हे वाकलेलं मॅनिफोल्ड तसंच बसवून नट जीव खाऊन आवळले होते. त्यातले तीन नट ८ मिलिमीटरचे मेट्रिक निघाले. मूळ स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे, ५/१६ इंची, यूएनएफ या इंची मापाचे, इंचाला २४ आटे. ८ मिलिमीटरचा नट त्यावर पहिले दोन आटे गोडीगुलाबीनं चढतो आणि पुढं स्टडचे आटे कापत जातो. मग हाताला "लय घट्ट बसला" असं वाटतं, प्रत्यक्षात दाब काहीच येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे जाड वायसर गायब होते. या हेडवर सहा स्टड असतात. कडेचे दोन सोडले तर मधले चार दोन तोंडांच्या मध्ये येतात, आणि तिथला मोठा जाड वायसर एकाच वेळी एका बाजूला इनलेटची फ्लँज (हेडला टेकणारी कड) आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टची फ्लँज दाबतो. कुणीतरी तिथं हार्डवेअरच्या दुकानातले पातळ पत्र्याचे वायसर टाकले होते, आणि ते बशीसारखे वाकून बसले होते. वाकलेला वायसर कडांना दाबत नाही, नुसता स्टडला मिठी मारतो.

आणखी एक गोष्ट गाडीखाली शिरल्यावर कळली. पुढच्या पाइपचा हँगर तुटलेला होता आणि पाइप तारेनं बांधला होता. तार ताणली गेली की पाइपचं सगळं वजन मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला लोंबकळणार. तडा नेमका तिथंच का गेला याचं उत्तर वर कमी आणि खाली जास्त होतं.

चार पर्याय

वेल्डिंगचा विचार पहिल्यांदा निकालात निघाला. बिडाला निकेलच्या रॉडनं वेल्डिंग करता येतं, आधी सगळा जॉब दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवायचा आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यायचा. उद्यमनगरात हे नीट करणारे हात आहेत. पण पन्नास वर्षांहून जास्त एक्झॉस्टमध्ये भाजलेलं बीड आतून पोखरलेलं असतं. वेल्ड धरतो आणि तडा वेल्डच्या शेजारून नवा निघतो. शिवाय वाकलेपणा जागच्या जागी राहतो, उलट वाढतोही.

दुसरा पर्याय ऐकायला सगळ्यात गोड होता: इथंच नवीन ओतून घ्यायचं. हे कोल्हापुरात बोलायचं नाही तर कुठं? ऊसाचे चरक आणि ऑइल इंजिनं करता करता या गावानं ओतकाम शिकलं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्र्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवतात. काकांच्या ओळखीतल्या एका फाउंड्रीवाल्यांनी मॅनिफोल्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "ओतायला काय नाही हो काका. हीटच्या शेवटच्या लॅडलमधनं ओतून देतो, पैसेपण नकोत. पण पॅटर्न आणि कोअर बॉक्स कोण करणार?"

अडचण हीच आहे. पॅटर्न म्हणजे बाहेरच्या आकाराचा नमुना, कोअर म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा. बाहेरचा आकार सोपा, आतले रस्ते कठीण. इनलेटचा एक कोअर, एक्झॉस्टचा दुसरा, दोन्ही एकमेकांवरून वळत जाणारे आणि मधली भिंत पातळ. कोअर दोन-तीन मिलिमीटर हलला तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसरीकडं कागद. जुनंच कास्टिंग वाळूत दाबून साचा काढू, असं सुचवणारा कुणीतरी दर वेळी भेटतो. बीड गोठून गार होताना फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून पॅटर्नवाला आपली पट्टीच तेवढी मोठी वापरतो. जुन्या मालावरून साचा काढला तर नवीन मॅनिफोल्ड फुटामागे तीन मिलिमीटर आखूड येणार, वर फेस मशीन करायला मालही उरणार नाही. कडेच्या स्टडवर ते चढणारसुद्धा नाही. पॅटर्न नीट करून घ्यायचा तर खर्च एका नगावर बसत नाही. दहा-बारा मायनरवाले एकत्र आले तर मात्र हा पर्याय पहिला धरावा, असं माझं मत आहे.

तिसरा पर्याय काकांच्या पुतण्यानं परदेशातून मागवून ठेवलाच होता. स्टीलच्या नळ्यांचा एक्झॉस्ट, ज्याला लाँग सेंटर ब्रँच म्हणतात, आणि सोबत ॲल्युमिनियमचं वेगळं इनलेट. पुतण्या पुण्याला असतो, इंजिनिअर आहे, आणि त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मधलं तोंड दोन आणि तीनचं, त्यांच्या ठिणग्यांत क्रँकचा बरोबर एक फेरा. कडेचे एक आणि चार यांच्यातही एक फेरा. मधली नळी लांब ठेवून कडेच्या दोघींना आधी एकत्र केलं की एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. याच इंजिनाच्या रेसिंगच्या मिनी गाडीवर हे सिद्ध झालेलं आहे.

"पण काकांची गाडी रेसला जात नाही," मी म्हटलं.

"तरी चार-पाच घोडे वाढतील की."

३७ घोड्यांच्या इंजिनात मूळ कॅम, मूळ हेड आणि सव्वा इंची कार्बोरेटर तसाच ठेवून नुसत्या एक्झॉस्टनं एवढं मिळत नाही. वाढतो तो आवाज आणि बॉनेटखालची उष्णता, कारण पातळ नळी बिडापेक्षा जास्त फेकते. जातं ते कार्बोरेटरखालचं गरम ठिकाण. आणि ते आज पूर्वीपेक्षा जास्त लागतं, हे मी काकांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगितलं. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. त्यातला इथेनॉल, जो काकांच्या हयातीत याच भागातल्या मळीतून निघत आला, वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता मागतो. इनलेट थंड असेल तर भिंतीवर थेंब साचतात, एका सिलिंडरला ओलं मिळतं आणि दुसऱ्याला कोरडं. कोल्हापूरच्या मे महिन्यात हे जाणवणारही नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पहिली दहा मिनिटं गाडी चोक सोडायला तयार होणार नाही. परदेशात काही इनलेटना गरम पाण्याची वाट काढलेली असते, या इनलेटला ती नव्हती.

चौथा पर्याय म्हणजे मोडीत निघालेल्या मायनरवरचं जुनं एकसंध मॅनिफोल्ड. ते साताऱ्याकडच्या एका हौशी माणसानं दिलं.

टेबलावरचं मोजमाप

उरलेले दोन्ही पर्याय मशीन शॉपमधल्या सरफेस प्लेटवर, म्हणजे तंतोतंत सपाट पाटावर, शेजारी शेजारी ठेवले. वादावादी मिटवायला यापेक्षा बरी जागा नाही.

नव्या संचात स्टीलच्या फ्लँजची जाडी आणि ॲल्युमिनियमच्या फ्लँजची जाडी यांत आठ दशांश मिलिमीटरचा फरक निघाला. दोन वेगळ्या ठिकाणी बनलेले भाग असले की असं सर्रास होतं. आता तो मधला जाड वायसर आठवा. त्याला दोन्ही फ्लँज एकाच वेळी दाबायच्या आहेत. एक जाड आणि एक पातळ असेल तर तो तिरका बसतो, जाड बाजूला कचकचून आवळतो आणि पातळ बाजूला नुसता टेकतो. बाहेरून सगळे नट घट्ट. आतून इनलेट हवा ओढतंय. पुतण्यानं फरक स्वतः व्हर्नियरनं पुन्हा मोजला आणि मग काही बोलला नाही.

असा संच बसवायचाच असेल तर जाड फ्लँज पातळ फ्लँजएवढी उतरवून घ्यावी, किंवा प्रत्येक वायसरला एका बाजूला फरकाएवढी पायरी काढून घ्यावी. पातळ बाजूला पत्र्याचा तुकडा सरकवण्याची युक्ती पहिल्या गरम-थंड फेऱ्यात तुकड्यासकट गळून पडते. वेगळं इनलेट असेल तर त्याच्या तोंडात बसणाऱ्या बारीक स्टीलच्या रिंगाही विसरू नयेत. त्या इनलेट जागेवर धरतात, नाहीतर नट आवळताना ते खाली घसरून तोंडाला तोंड जुळत नाही.

साताऱ्याचं मॅनिफोल्ड एकसंध, म्हणजे जाडीच्या फरकाचा प्रश्नच नाही. तडा आहे का बघायला रॉकेलमध्ये बुडवून पुसलं, वर खडूची भुकटी लावली. तडा असेल तिथं रॉकेल पाझरून रेघ उमटते. ती उमटली नाही. हातोडीनं हलकं टिचकवल्यावर स्वच्छ वाजलं. दोष दोनच: सगळी लांबी मिळून चार दशांशाचा बाक, आणि खालच्या क्लॅम्पच्या शंकूसारख्या कोनावर गंजाचे खड्डे. दोन्ही मशीनवर निघण्यासारखे. निर्णय इथं झाला.

मिलिंगचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण चांगली मॅनिफोल्डं इथंच वाया जातात. बाक असलेला जॉब मशीनच्या बेडवर ठेवून क्लॅम्प आवळले की क्लॅम्पच तो सरळ करतात. कटर वरून फिरतो, फेस आरशासारखा येतो, सगळे खूश. क्लॅम्प सोडले की बीड आपल्या मूळ बाकावर परत जातं आणि फेस त्याच्याबरोबर वाकतो. आपल्या टर्नरला हे सांगावं लागलं नाही. त्यानं जॉब आधी मोकळा ठेवला, कुठं अधांतरी आहे ते फिलरनं शोधलं, तिथं शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घातले आणि मग हात राखून क्लॅम्प लावले. डायल गेजचं घड्याळ लावून आवळण्याआधी आणि आवळल्यावर काटा हलत नाही हे बघितलं. मग दोन बारीक कट, एकूण अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

फेस प्लेटवर निळा रंग लावून घासला. पाचही तोंडांभोवती निळ्याचं कडं पूर्ण आलं आणि पाच शतांशाचं फिलर कुठं शिरलं नाही. हेडचा फेसही पट्टीनं तपासला. तो बिडाचा आणि शाबूत होता, जुन्या गॅस्केटचे (सांध्यातल्या पट्टीचे) पापुद्रे खरवडण्याएवढंच काम निघालं.

बसवणी

आटे गेलेले तीन स्टड बदलले. दोन नट एकमेकांवर लॉक करून दोन सहज आले, तिसऱ्याला गॅसची ऊब आणि रात्रभर तेल लागलं. नवे नट पितळी, ५/१६ यूएनएफ. पितळ उष्णतेत स्टडला चिकटत नाही, पुढच्या वेळी काढणारा आशीर्वाद देईल. जाड वायसर बाजारात मिळाले नाहीत, ते टर्नरनंच सळईतून काढून दिले, एकाच जाडीचे.

गॅस्केट अखंड, पाचही तोंडांचं एकच, आणि कोरडंच लावलं. सिलिकॉन पेस्ट लावायची सवय आपल्याकडं फार आहे. एक्झॉस्टला ती जळते आणि इनलेटला आत सुटलेला तिचा तुकडा थेट व्हॉल्व्हकडं जातो. फेस सरळ असेल तर तिची गरज नाही, आणि सरळ नसेल तर तिचा उपयोग नाही.

नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, शेवटी १५ पौंड-फूट, म्हणजे सुमारे २० न्यूटन-मीटर. हा आकडा ऐकून काकांना ते कमी वाटलं. "एवढंच?" एवढंच. पाच-सोळांशाच्या स्टडला याहून फार जास्त लावलं तर तो ताणला जातो.

खालचा पाइप सगळ्यात शेवटी. कोनावर बसवून क्लॅम्प सैल ठेवला, गिअरबॉक्सकडच्या बाजूला नवा हँगर आणि टायरच्या पट्टीचं रबर लावून पाइपचं वजन आधी तिकडं दिलं, इंजिन हातानं डुलवून पाइप कुठं अडत नाही ते पाहिलं आणि मगच क्लॅम्प आवळला. हा क्रम उलटा केला की नवीन मॅनिफोल्ड पहिल्या दिवसापासून ओढ खात बसतं.

गाडी चालू केली. फटफट गेली, आयडल मात्र जड, आणि सायलेन्सरमधून काळं. काकांचा चेहरा उतरला. पण हे अपेक्षित होतं. आधीच्या माणसानं हवेची गळती झाकायला कार्बोरेटरची जेट (पेट्रोल सोडणारी नळी) खाली उतरवून पेट्रोल वाढवलं होतं. गळती बंद झाल्यावर ते जास्तीचं पेट्रोल उघडं पडलं. एसयूत हे सोपं आहे: जेटखालचा षटकोनी नट वर चढवला की मिश्रण पातळ, खाली उतरवला की दाट, एकेक पैलू मोजत. नट वर घेत गेलो. कार्बोरेटरच्या पिस्टनची पिन जराशी उचलून बघायची. वेग क्षणभर किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर, वाढतच राहिला तर दाट, बंद पडायला लागली तर पातळ. शेवटी नट पुस्तकातल्या जागेपेक्षा एक पैलू दाटाकडंच ठेवला. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला नऊ पट. ई-२० कुठंतरी साडेतेराच्या आसपास पडतं, म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन पातळच चालणार.

गार झाल्यावर नट पुन्हा त्याच आकड्यावर तपासले. मधले दोन अर्धा आटा गेले, बाकीचे हलले नाहीत. गॅस्केट पहिल्यांदा तापून दबतं, म्हणून हे करावंच लागतं.

चाचणीला पन्हाळा घेतला. वीस किलोमीटर, चढ भरपूर, आणि परत येताना रेस सोडून उतरण्याइतका उतार. काकांनी स्वतः चालवली. चढाला तिसऱ्यात ओढली, जोतिबाच्या फाट्याच्या अलीकडं मागं अडकलेल्या एसटीला वाट दिली. उतरताना पुतण्या काच खाली करून फटाक्यांची वाट बघत होता. एक दबका "फुस्स" आला, तोही एकाच वळणावर, आणि तो मिश्रण किंचित दाट असल्याचा आहे. नट अर्धा पैलू वर घेतला की जाईल, पण थंडी संपेपर्यंत तसाच राहू द्यायचं ठरलं.

महिन्याभरानं प्लग काढले तर चारही एका रंगाचे. जुनं तडकलेलं मॅनिफोल्ड काकांनी भंगारात दिलेलं नाही. ते उभं चिरून आतल्या रस्त्यांची मापं काढायला फाउंड्रीवाल्यांच्या पॅटर्नमेकरकडं गेलंय. सांगली आणि बेळगावचे मिळून चार मायनरवाले पैसे घालायला तयार आहेत, बाकीच्यांची वाट बघणं चालू आहे. पुतण्याचा नळ्यांचा संच त्याच्या घरच्या माळ्यावर आहे. त्याला आता एक मिनी हवी आहे.